मराठी जशी लिहितो तशीच वाचतो, मग फोनिक्सची पुस्तकं कशाला?

पालकांच्या गटांत एक मजकूर सारखा फिरत असतो. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की हमखास येतो. त्याचा सारांश असा: मराठी जशी बोलतो तशी लिहितो आणि लिहितो तशी वाचतो, त्यामुळे फोनिक्स (अक्षरांचे आवाज जोडून वाचायला शिकवणं) हे इंग्रजीचं प्रकरण, मराठी मुलांना त्याची गरज नाही. बाराखडी तोंडपाठ करून घ्या आणि चित्रांचं कोणतंही गोष्टीचं पुस्तक हातात द्या. चित्रं बघत बघत मूल आपसूक वाचायला लागेल. ‘मगन बदक बघ’ छापाची, मोजक्या अक्षरांतली पुस्तकं घेऊ नका, त्यानं वाचनाची गोडी मरते.

मी पहिली-दुसरीतल्या मुलांना घेऊन वाचायला बसते. असा सल्ला मानून पालक पुस्तकं आणतात, मूल पहिल्याच पानावर अडतं, आणि ‘याला वाचनाची आवडच नाही’ हे त्याच्यादेखत बोललं जातं. ते ऐकताना त्या मुलाचा चेहरा मी पाहिला आहे. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘लिहितो तशीच वाचतो.’ खरंच? क, म, ळ ही अक्षरं सुटी म्हणताना प्रत्येकात ‘अ’ असतो. ‘कमळ’ म्हणताना शेवटचा ‘अ’ गळतो. ‘बसला’ लिहितो, पण म्हणतो ‘बस्ला’. इथे मधलाच गळला. ‘चहा’तला च वेगळा आणि ‘चाक’मधला वेगळा. ‘चिंच’ या एवढ्याशा शब्दात तर दोन्ही च आहेत, आणि अक्षर मात्र एकच. अनुस्वाराचं बघा. ‘अंक’, ‘चेंडू’, ‘आंबा’ या तीन शब्दांत तो तीन प्रकारे उच्चारला जातो, आणि ‘केलं’, ‘पानं’ यांच्या डोक्यावरचं टिंब तर नाकातून येतच नाही, तिथे नुसता शेवटचा ‘अ’ लांबतो. आपल्याला हे जाणवत नाही, कारण आपण वाचायला शिकून वर्षं झाली.

शेजारचा सहा वर्षांचा मुलगा ‘किती’ हा शब्द वाचत होता. बोट आधी वेलांटीवर ठेवलं आणि म्हणाला, ‘इ’. मग क. ‘इकती’. त्याचं काय चुकलं? डावीकडून उजवीकडे वाच, असं आम्हीच त्याला सांगितलं होतं. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहितात आणि नंतर उच्चारतात, हे कुणी सांगितलंच नव्हतं. तीन-चार शब्द समोर ठेवून हे दाखवल्यावर तो पुन्हा तिथे अडला नाही. फोनिक्स म्हणजे एवढंच असतं: कोणत्या खुणेचा कोणता आवाज, आणि ते आवाज जोडायचे कसे, हे क्रमानं आणि उघडपणे शिकवणं.

शिवाय ‘बोलतो तशी’ म्हणजे कोण बोलतो तशी? ज्याच्या घरी ‘पानी’ म्हणतात, त्याच्या पुस्तकात ‘पाणी’ छापलेलं असतं. त्या मुलाला अक्षर आणि आवाज यांची सांगड घालायला आपल्यापेक्षा जास्त कष्ट पडतात. ‘तुझी भाषा अशुद्ध’ असं म्हणून ते कमी होत नाहीत.

इंग्रजीच्या मानानं मराठी कितीतरी भरवशाची आहे, हे मला मान्य आहे. पण खूण आणि आवाज यांचं नातं इतकं भरवशाचं असेल, तर ते शिकवण्याचा फायदा जास्तच नाही का? इंग्रजीत नियम शिकवूनही अपवादांची रांग उरते. मराठीत शिकवलेलं बहुतेक सगळं कामी येतं, म्हणून नियंत्रित शब्दांची, म्हणजे फक्त शिकवलेल्या अक्षरांतली पुस्तकं इथे थोडीच पुरतात.

आता बाराखडी. एका मुलीला सगळी बाराखडी पाठ होती, सुरात. मी ‘कू’वर बोट ठेवलं, तर तिनं ‘क का कि की’पासून म्हणायला सुरुवात केली आणि ‘कू’ आल्यावर थांबली. तिला गाणं येत होतं, अक्षर येत नव्हतं. क्ष, ज्ञ सोडून चौतीस व्यंजनं धरली आणि प्रत्येकाची बारा रूपं, तर 408 होतात, जोडाक्षरं वेगळीच. कन्नडची लेखनपद्धती आपल्यासारखीच अक्षरांची आहे. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांच्या वाचनावर 2007 मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात हा अक्षरसंच अंगवळणी पडायला तिसरी-चौथीपर्यंतचा काळ जातो असं दिसलं. ‘असर’ या ग्रामीण भागातल्या शिक्षणाच्या पाहणीतल्या वाचनचाचणीतही ‘अक्षर येतं, पण शब्द येत नाही’ ही एक स्वतंत्र पायरी आहे, आणि तिथे मुलं सापडतात. अक्षरं ओळखता येणं आणि शब्द वाचता येणं यांच्या मधलं अंतर पाठांतरानं भरत नाही.

उलट क, म, न, ब एवढी चारच अक्षरं आणि काना घ्या. मामा, काका, बाबा, नाना, कान, नाक, काम, मान, बाक. पहिल्या आठवड्यात नऊ शब्द, तेही रोजच्या बोलण्यातले. र आणि त आले की ‘बाबा काम करतात’ हे आख्खं वाक्य मूल स्वतः वाचतं. ळ आणि क्ष येईपर्यंत थांबायचं कशाला?

चित्र बघून ओळखणं म्हणजे वाचणं नव्हे. पानावर पोपटाचं चित्र, खाली शब्द ‘राघू’. मूल झोकात म्हणतं ‘पोपट’, आणि घरात टाळ्या पडतात. चित्र तळहातानं झाका आणि तोच शब्द पुन्हा विचारा. ही सवय पहिलीत खपून जाते. तिसरीत चित्रं कमी होतात तेव्हा उघडी पडते, आणि तेव्हा मुलाला वाटतं की आपणच मठ्ठ आहोत.

गोडी मरते हा मुद्दा मात्र मी झटकून टाकणार नाही. नुसती ‘नळ सरळ धर’ अशी वाक्यं महिनोन्महिने वाचायला लावली तर कुणीही कंटाळेल. पण त्यावर उपाय दोन ढिगांचा आहे. एका ढिगात मूल स्वतः वाचेल अशी पुस्तकं, शिकवलेल्या अक्षरांतली, दिवसाला दहा मिनिटांची. दुसऱ्यात आपण त्याला वाचून दाखवायची पुस्तकं: लांब, रंगीत, अवघड शब्दांची, हवी तितकी. दुसरा ढीग भाषा आणि ओढ देतो, पहिला हातात किल्ली देतो. पालघरमधल्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये पहिली ते तिसरीच्या मुलांचा तीन वर्षं माग घेणारा अभ्यास झाला होता. त्याचंही म्हणणं हेच होतं की अक्षरओळख आणि अर्थ, दोन्ही सुरुवातीपासून सोबत हवेत.

दुकानात पुस्तक निवडताना मी मुलाला येणारी अक्षरं कागदावर लिहून नेते. मधलंच पान उघडते. न शिकलेली खूण असलेले शब्द दोनपेक्षा जास्त निघाले, तर ते पुस्तक दुसऱ्या ढिगात. मुखपृष्ठावरच्या ‘फोनिक्स’ या शब्दाला भुलू नका. आत ‘अ अननसाचा’ असेल, तर ते अक्षरांचं पुस्तक आहे, वाचायचं नव्हे. ‘पातळी 1’ हेही पुरेसं नाही, कारण पातळी बहुधा वाक्याच्या लांबीवर आणि शब्दसंख्येवर ठरते. आखूड वाक्यातही ‘स्वच्छ’ असू शकतो. शब्द मुलाच्या तोंडातले हवेत. कानामात्रा नाही एवढ्यासाठी ‘जलद गमन कर’ लिहिणारं पुस्तक नको, कारण ‘गमन’ असं घरात कुणीच म्हणत नाही, आणि आपण बरोबर वाचलं की नाही हे मुलाला कळायला शब्द आधी ऐकलेला असावा लागतो. आणि अक्षरांचं वळण बघा. हिंदी वळणाचे ल आणि श वेगळे दिसतात, नव्या वाचकाला ती नवीनच अक्षरं वाटतात.

‘अशी पुस्तकं मराठीत मिळतात कुठे?’ कमी मिळतात, खरं आहे. म्हणून काय कोणतंही द्यायचं? एक कोरा कागद तीनदा दुमडून कापला की आठ पानांची पुस्तिका होते. शेजारच्या मुलाची त्याच्याच घरावर आहे. पहिलं पान ‘बाबा चहा करतात’, आणि चित्र त्यानंच काढलंय, वाफेसकट. शेवटचं पान अजून कोरं आहे. त्याला तिथे अंगणातली चिंच हवी आहे, पण अनुस्वार आम्ही पुढच्या आठवड्यात घेणार आहोत.