टेकू काढा, पाहुणे येताहेत

व्हाइस प्रेसिडेंट, प्रोजेक्ट्स झालात? हार्दिक अभिनंदन! मुंबईत ऑफिसचा टॉवर उभा करणं फारसं अवघड नाही हे तुम्ही जाणताच, कारण पीपीटीत तुम्ही तो केव्हाच उभा केलाय. आता राहिलं ते किरकोळ. लोखंड, काँक्रीट आणि माणसं. त्यासाठी आम्ही आहोत साइटवर. तुम्ही फक्त नेतृत्व करायचं. ते कसं करतात हे आम्ही खालून बरीच वर्षं बघतोय, म्हणून हा आगाऊपणा.

सगळ्यात आधी तारीख जाहीर करा. ड्रॉइंग येतील मागाहून. स्ट्रक्चरल कन्सल्टंटला चुकूनही विचारू नका, तो 'बघून सांगतो' म्हणतो. लीजिंगच्या पोरांना विचारा. त्यांनी भाडेकरूला दिवाळी सांगितली असेल तर दिवाळी. कुठली, ते नंतर ठरवता येतं. ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, आणि फायर एनओसी लायझनिंगवाला बघेल. कसं बघेल, हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

कामाच्या वेळापत्रकाच्या बार चार्टमध्ये जुलै आणि जानेवारी सारख्याच लांबीचे काढा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, पण ते जुनं झालं. तळघराचं राफ्ट, म्हणजे पायाचा सलग स्लॅब, ऐन पावसाळ्यात ठेवा आणि पंप कमी का पडले याचा खुलासा प्लॅनिंग इंजिनिअरकडून लेखी मागा.

साइटवर फार येऊ नका, हेल्मेटने केस बसतात.

त्यापेक्षा व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरची मीटिंग, घ्या, दिवसातून दोनदा. उंटावरून शेळ्या हाकायची एवढी सोय पूर्वी नव्हती. सकाळच्या व्हीसीत विचारा, 'काम का थांबलंय?' उत्तर सोपं असतं. काम बघणारे सगळे व्हीसीत बसलेत.

काँक्रीटच्या गाडीबद्दल जरूर ओरडा. तुर्भ्याहून निघालेला मिक्सर वाशीचा पूल ओलांडून अमर महालला अडकतो, मग शीवला, आणि प्रभादेवीचा पूल बंद झाल्यापासून परळमध्ये कुठे कुठे अडकतो ते ड्रायव्हरलाच माहीत. भरल्यापासून साधारण दोन तासांत माल ओतला पाहिजे असं आयएस कोड, म्हणजे भारतीय मानक, म्हणतो. कोड लिहिणारे शीवला राहत नसावेत. माल घट्ट झालाय म्हणून गाडी परत पाठवली तर 'वेस्टेज कोणाच्या नावावर?' हे आधी विचारा. पुढच्या गाडीत माल सैल करायला पाणी कोणी मारलं, हे विचारायची गरज पडत नाही.

महापालिकेने २०२३च्या ऑक्टोबरात धुळीचे नियम काढले. मोठ्या प्लॉटला ३५ फुटी पत्रे, पाण्याचे फवारे, बाहेर पडणाऱ्या ट्रकची चाकं धुणं. पत्र्यांना लगेच मंजुरी द्या, त्यावर जाहिरात छान दिसते. चाकं धुवायच्या हौदाची फाइल राहू दे.

४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, सुरक्षेची शपथ घ्या. फोटोत पुढच्या रांगेत राहा.

आता मुख्य धडा, पाहुण्यांचा. मोठा भाडेकरू जागा बघायला येणार असेल तर त्याला टेकू दिसता कामा नयेत. संगमरवर नसला तरी चालेल, काच नसली तरी चालेल, पण स्लॅबखाली लोखंडी जॅक म्हणजे कंपनीची इज्जतच गेली. ते काढायला लावा. हे कसं करावं याचं प्रात्यक्षिक नुकतंच आमच्या परळच्या साइटवर झालं, ते जसंच्या तसं देतो. साहेब आले, लॉबीत उभे राहिले, वर बघितलं आणि म्हणाले, "अरे, हे जंगल काढा की इथलं. क्लायंटला स्पेस फील झाली पाहिजे."

मी म्हटलं, "सर, अजून दिवस भरले नाहीत."

"क्यूब पास झाला ना?" क्यूब म्हणजे ताकद तपासायला भरलेला त्याच काँक्रीटचा ठोकळा.

"सात दिवसांचा झालाय, सर. अठ्ठावीसचा बाकी आहे."

"मग झाला की पास! आम्हीपण इंजिनिअरच आहोत."

असतीलही. पी हळद अन् हो गोरी, असं काँक्रीट कुठल्या कॉलेजात शिकवतात ते मात्र मला कळेना. कॉलमवर लाल रंगात कास्टिंगची तारीख लिहिली होती, साहेबांच्या खांद्याच्या उंचीवर. तिला पाठ लावूनच ते बोलत होते. मी म्हटलं, मेल करा सर, लगेच काढतो. मेल आला नाही. मेल कधीच येत नाही. तोंडी हुकूम, लेखी खुलासा, हा तर या पदाचा पाया आहे.

मला बाजूला सारून साहेबांनी सेंटरिंगच्या, म्हणजे टेकू-फळ्या लावणाऱ्यांच्या, मुकादमाला बोलावलं. पन्नाशीचा माणूस, बंगालातल्या मालद्याकडचा, उभी हयात स्लॅबखाली गेलेली. त्याने सगळं ऐकून घेतलं, एका जॅकवर हात ठेवला आणि म्हणाला, "साब, आप इधर नीचे खडा रहो, मैं निकालता हूँ."

साहेब गाडीकडे गेले.

शेवटी मार्केटिंगने तोडगा काढला. टेकूंच्या चारी बाजूंनी लॉबीचंच चित्र छापलेला फ्लेक्स ताणला, झाडं आणि कॉफी पिणारी माणसं असलेला. तो बांधायला बार बेंडिंगची अख्खी गँग दिवसभर वापरली, त्या दिवशीचं वरच्या मजल्याचं लोखंड राहिलं, आणि त्या उशिराचा ठपका अर्थात साइटवर आला. पाहुणे आले. लिफ्ट किती आणि पार्किंग कुठे, एवढं विचारलं आणि गेले. वर कोणी बघितलंच नाही.

साहेब, पुरे झाला उपरोध, मला तो फार वेळ जमतही नाही. त्या लॉबीवरचा बीम अकरा मीटरचा आहे. आयएस ४५६ मध्ये सहा मीटरच्या वर गेलात की बीमखालचे टेकू एकवीस दिवस ठेवा असं लिहिलंय, आणि ते साध्या सिमेंटसाठी. आपल्या मिक्समध्ये निम्म्या सिमेंटच्या जागी स्लॅग, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतल्या मळीची भुकटी, आहे. ग्रीन बिल्डिंगच्या पीपीटीत 'लो कार्बन काँक्रीट' म्हणून तुम्हीच टाळ्या घेतल्या होत्या. स्लॅगचं काँक्रीट सुरुवातीला सावकाश ताकद धरतं. टाळ्यांबरोबर हेही घ्यावं लागतं. शिवाय वरच्या मजल्याचा स्लॅब नुकताच भरलेला, त्याचे टेकू या स्लॅबवर उभे. ओलं काँक्रीट घनमीटरला अडीच टन. खालचे टेकू काढल्यावर ते वजन कोण घेणार होतं, फ्लेक्सवरचा कॉफी पिणारा माणूस?

त्या वेळी खाली फायर लाइनचे फिटर काम करत होते. वरच्या स्लॅबवर क्युरिंगच्या आळ्यांत पाणी भरणाऱ्या दोन बायका होत्या, त्यांतल्या एकीचं पोर जिन्याशी खेळत होतं. तुम्हाला हे दिसलं नाही, कारण तुम्ही स्पेस फील करत होता. आणि काही झालं असतं तर पोलीस आधी माझ्याकडे आणि ठेकेदाराकडे आले असते. तुम्ही बीकेसीत मीटिंगमध्ये असता. आम्ही नाही म्हटलं की 'निगेटिव्ह ॲटिट्यूड'. हो म्हटलं आणि स्लॅब खाली आला की 'क्वालिटी लॅप्स ॲट साइट'. लाज वाटायला हवी. कळत नसेल तर विचारा, विचारल्याने पद जात नाही. आणि कळत असूनही बोलला असाल, तर तुम्ही कुठल्याच साइटच्या गेटातून आत येऊ नये.

आणखी एक. त्या मुकादमाला 'बदला' असं तुम्ही तोंडी सांगितलंय. तो कुठेही जाणार नाही. त्याच्या ठेकेदाराचं आरए बिल, म्हणजे झालेल्या कामाचं चालू बिल, मी आणि बिलिंग इंजिनिअरने तपासून पाठवलंय, ते तुमच्या टेबलावर अडून आहे. त्याच्या हाताखालच्या पोरांची गावी पैसे पाठवायची तारीख उलटून गेली. उद्या सकाळच्या व्हीसीआधी त्यावर सही करा.