लिंबू हुंगायचं असतं, नाकात पिळायचं नसतं

मंगळवारी सकाळी कोपरखैरण्याहून आत्याचा फोन. आवाज घोगरा, मधेच शिंका, "नाकात नुसती आग लागलीय गं." तिने दोन्ही नाकपुड्यांत लिंबाचे चार-चार थेंब टाकले होते. का? तर भजनी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला: "कोरोनात ज्यांचा वास गेला, त्यांच्या मेंदूत विषाणू घर करून बसलाय. कांदा-लसणाला सडका वास येतो म्हणजे आत मेंदू सडतोय. पाच वर्षांत स्मृतिभ्रंश पक्का. उपाशीपोटी नाकात लिंबू टाका, विषाणू विरघळतो. डॉक्टरांनी हे लपवलं."

आधी लिंबाचं बोलते. लिंबाचा रस म्हणजे आम्ल. भेगाळलेल्या बोटाला लागला तरी आपण हात झटकतो, आणि हे नाकाच्या नाजूक त्वचेवर! शिवाय वास ओळखणारा पापुद्रा असतो नाकाच्या पार छताशी, खालून टाकलेले थेंब तिथवर पोचतील याचीही खात्री नाही. आणि संसर्ग होऊन चार वर्षं झाल्यावर नाकात विरघळवायचं तरी काय? खरी गंमत पुढे आहे. वास परत आणायच्या सरावात लिंबू आहेच! जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल या वासावर संशोधन करणाऱ्या डॉक्टरांनी 2009 मध्ये तपासलेली पद्धत: गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग हे चार वास, सकाळ-संध्याकाळ, बारा आठवडे, फक्त हुंगायचे. कुणीतरी तिथलं लिंबू उचललं आणि "हुंगा" गाळून "टाका" लिहिलं, असा माझा अंदाज.

मेंदू सडतोय म्हणे. आत्याला 2021 पासून वास नव्हता. गेल्या वर्षी थोडा परतला तोच मुळी विचित्र. कांदा परतला की तिला गटार उघडल्यासारखं वाटायचं. मालवणी मसाल्याच्या मिरच्या भाजायला तिने शेजारणीला बसवलं. पण हा सडण्याचा वास नव्हे. नाकातल्या वासाच्या पेशी मेल्या तरी नव्या उगवतात, आणि नव्या पेशींची जोडणी नीट बसेपर्यंत निरोप चुकीचा जातो. कांदा, लसूण, कॉफी, अंडं यांच्याबाबत ही तक्रार जगभर ऐकू आली. बहुतेक वेळा ती सुधारणेच्या वाटेवरच येते.

विषाणू मेंदूत घर करतो, हेही तसं नाही. 2020 आणि 2021 मधल्या अभ्यासांत दिसलं ते असं, की तो प्रामुख्याने वासाच्या चेतापेशींना नाही, तर त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींना धरतो. आधार गेला की चेतापेशी गप्प.

आता एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. मेंदूवर काहीच परिणाम होत नाही असं नाही. मार्च 2022 मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात ब्रिटनचा अभ्यास आला. 51 ते 81 वयाच्या 785 जणांचे मेंदूचे स्कॅन दोनदा काढले, मधल्या काळात 401 जणांना कोरोना झालेला, बहुतेकांना सौम्य. वासाशी जोडलेल्या भागांत त्यांची झीज इतरांपेक्षा जास्त दिसली, 0.2 ते 2 टक्के. ही किरकोळ बाब नाही. पण ती सरासरी आहे, आणि ती झीज कायमची का, हे त्या अभ्यासाने ठरवलेलं नाही. वास येणंच थांबल्यामुळेही तो भाग आकसू शकतो, हे संशोधकांनीच लिहिलंय. "पाच वर्षांत पक्का स्मृतिभ्रंश" कुठून काढला, ते ग्रुपवाल्यांनाच ठाऊक.

डॉक्टरांनी लपवलं? 13 जून 2020 ला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने वास-चव जाणं लक्षणांच्या यादीत घातलं होतं. यावर आणखी शब्द खर्च करत नाही.

वास गेलेल्याला खरा धोका कशाचा, ते मेसेजमध्ये नव्हतंच. गॅस. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वास मिसळतात आणि नेमका तोच हिला येत नाही. नाक धुवून झाल्यावर मी आत्याला लवंगा आणि लिंबाची साल वेगवेगळ्या डब्यांत भरायला लावली, आणि गळती झाली की वाजणारा अलार्म मागवला. तो येईपर्यंत रोज रात्री दहाला फोन करते, "रेग्युलेटर बंद केलास ना?" ती वैतागते.