मॉर्मन पूर्वजाची वंशावळ आयती मिळत नाही

वंशावळी जमवणाऱ्यांच्या गटांतून मॉर्मन, म्हणजे अमेरिकेत निघालेल्या एका ख्रिस्ती पंथाच्या, पूर्वजांबद्दल एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्यातलं फॅमिलीसर्च म्हणजे त्या पंथाच्या चर्चची वंशावळींची वेबसाइट. त्याचा गोषवारा असा: "सासरी-माहेरी कोणी अमेरिकेतला मॉर्मन पायोनियर असेल तर शोधाशोध करू नका. चर्चने सगळं लिहून ठेवलंय. ते सगळे हातगाड्या ओढत युटाला गेले, त्यांची आडनावं एलिस आयलंडच्या कारकुनांनी बदलली, मंदिराच्या नोंदी सरकारी दाखल्याइतक्या पक्क्या आहेत. फॅमिलीसर्चवर नाव टाका, झाड तयार."

माझी सून अमेरिकेतल्या युटा राज्यातली. तिच्या आईकडचं घराणं १८६० च्या दशकात डेन्मार्कहून तिथे गेलं. नातवंडांसाठी मी त्या घराण्याची माहिती जुळवते आहे, आणि या संदेशातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य शोधणाऱ्याला चुकीच्या वाटेला लावतं.

एलिस आयलंडची गोष्ट लगेच निकालात निघते. न्यूयॉर्क बंदरातलं ते स्थलांतरितांच्या तपासणीचं केंद्र १८९२ साली उघडलं. पायोनियर म्हणतात ते १० मे १८६९ च्या आत, म्हणजे युटातल्या प्रोमॉन्टरीला अमेरिकेच्या पूर्व-पश्चिम रेल्वेचे रूळ जुळण्यापूर्वी, युटात पोचलेल्यांना. त्यांच्यातले युरोपातून आलेले बहुतेक जण लिव्हरपूलहून बोटीत बसले. सुरुवातीला न्यू ऑर्लिन्सला उतरत, १८५५ नंतर मुख्यतः न्यूयॉर्क, बॉस्टन, फिलाडेल्फियाला. शिवाय प्रवाशांची यादी बोटीबरोबरच यायची. बंदरावरचा कारकून नवी नावं ठेवत बसत नव्हता.

मग नावं बदललेली दिसतात ती का? डॅनिश घराण्यांत याचं उत्तर गावातच आहे. जेन्स हॅन्सनचा मुलगा पेडर हा पेडर जेन्सन व्हायचा आणि मुलगी जेन्सडॅटर. आपण वडिलांचं नाव मधे लावतो, ते शेवटी लावत. युटात आल्यावर एका भावाने जेन्सन कायम केलं, दुसऱ्याने वडिलांचं हॅन्सन उचललं, तिसऱ्याने गावाचं नाव घेतलं, असं सहज व्हायचं. म्हणून नुसत्या नावाने शोधलं तर पेडर जेन्सनांचा महासागर समोर येतो. आधी पॅरिश, म्हणजे त्या गावाच्या चर्चचा हद्दीतला भाग, शोधावी लागते. डॅनिश चर्चची पुस्तकं आणि जनगणनेचे कागद तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराने फुकट पाहायला ठेवले आहेत. १८४५ पासूनच्या जनगणनेत जन्मस्थळ दिलेलं असतं आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीत साक्षीदारांची नावं असतात. ती नावं मी आईबापांच्या नावांइतक्याच बारकाईने वाचते, कारण मामा-मावश्या तिथेच सापडतात.

हातगाड्यांचं चित्र मनात इतकं घट्ट बसलं आहे की लोक पूर्वजाच्या हाती ती आपणच देऊन टाकतात. हातगाड्यांचे तांडे निघाले ते फक्त १८५६ ते १८६० या काळात. एकूण दहा तांडे, सुमारे ३,००० माणसं. पायोनियरांची एकूण संख्या साठ-सत्तर हजारांच्या घरात धरतात. १८५६ मध्ये विली आणि मार्टिन या म्होरक्यांचे तांडे उशिरा निघाले, वायोमिंगच्या बर्फात अडकले आणि २०० हून जास्त माणसं दगावली. त्या दुःखाचा मान ठेवायचा असेल तर ज्यांनी ते भोगलं नाही त्यांच्या नावावर ते घालू नये. बाकीचे बहुतेक बैलांच्या गाड्यांबरोबर आले. १८६१ पासून तर चर्च युटाहूनच गाड्या मिसूरी नदीपर्यंत पाठवून गरिबांना घेऊन येत असे. चर्चने १८४७ ते १८६८ च्या तांड्यांची सूची खुली ठेवली आहे. पूर्वज कोणत्या तांड्यात होता हे आधी तिथे बघावं. मात्र कित्येक तांड्यांची पूर्ण यादी टिकलेली नाही, त्यामुळे नाव मिळालं नाही म्हणजे माणूस आलाच नाही असंही नव्हे.

आता मंदिराच्या नोंदी. सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. सॉल्ट लेक सिटीच्या एंडाउमेंट हाउसमध्ये, म्हणजे मंदिर बांधून होईपर्यंत विधींसाठी वापरलेल्या इमारतीत, १८५५ ते १८८९ या काळात झालेल्या विधींच्या नोंदी मोलाच्या आहेत, कारण जन्मतारीख आणि गाव माणसाने स्वतः सांगितलेलं असतं. पण 'सीलिंग' हा विधी परलोकातलं नातं बांधतो. विधवा बाई मृत नवऱ्याशी सील झालेली असेल, तर दुसऱ्या नवऱ्यापासून झालेली तिची मुलंही श्रद्धेनुसार पहिल्याचीच धरली जात. कुटुंबाच्या तक्त्यात ती पहिल्याच्या नावाखाली दिसली तर रक्ताचा बाप वेगळाच निघतो. याहून अवघड प्रकार दत्तकविधानाचा. त्या काळात पुरुष चर्चच्या पुढाऱ्यांशी मुलगा म्हणून सील होत. १८९४ मध्ये चर्चचे अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ यांनी हे थांबवलं, आपापल्या खऱ्या वडिलांचा आणि आजोबांचा शोध घ्या असं सांगितलं, आणि त्याच वर्षी युटाची वंशावळ संस्था स्थापन झाली. तीच पुढे फॅमिलीसर्च झाली. म्हणजे ज्या संस्थेच्या नावाने हा संदेश फिरतो आहे, तिचा जन्मच नातं तपासून घेण्याच्या गरजेतून झाला.

"सगळं लिहून ठेवलंय" हेही खरं नाही. १८५६ ची युटाची जनगणना लोकसंख्या फुगवण्यासाठी मेलेल्या आणि तिथे नसलेल्या माणसांच्या नावांनी भरलेली आहे. १८९० च्या जनगणनेचे कागद १९२१ च्या वॉशिंग्टनच्या आगीनंतर जवळजवळ सगळे गेले. १८८२ च्या एडमंड्स कायद्यानंतर मॉर्मनांच्या बहुपत्नीक घरांवर खटले सुरू झाले, तेव्हा धाकट्या बायका माहेरच्या नावाने परगावी राहिल्या, मुलांची नावं लपवली गेली. जन्ममृत्यूची राज्यभर नोंद १९०५ पासूनची.

राहिलं ते तयार झाड. फॅमिलीसर्चच्या झाडात कोणीही बदल करू शकतं. दोन पेडर जेन्सन कोणी एका क्षणात एक केले की दोन्ही घराणी बिघडतात. त्या संस्थेचं खरं धन आहे मूळ पानांच्या छायाचित्रांत. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यासुद्धा त्यांनी चित्रित केल्या आहेत. झाडातल्या प्रत्येक नावाखाली कोणता पुरावा जोडला आहे, तो त्या काळातला आहे की नातवाने साठ वर्षांनी लिहिलेला, हे पाहिल्याशिवाय मी एकही फांदी नातवंडांच्या वहीत उतरवत नाही.

आणि ज्यांच्यासाठी तयार झाड नाहीच, त्यांचं काय? जुलै १८४७ मध्ये पहिल्याच तुकडीबरोबर ग्रीन फ्लेक, हार्क ले आणि ऑस्कर क्रॉस्बी हे तीन कृष्णवर्णी गुलाम सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचले. सॉल्ट लेक सिटीत, पायोनियरांचे पुढारी ब्रिगहॅम यंग यांच्या स्मारकावर त्यांची नावं "कृष्णवर्णी नोकर" म्हणून कोरली आहेत. १८५० आणि १८६० च्या जनगणनेतल्या गुलामांच्या याद्यांत मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग आणि वर्ण लिहीत. त्यांच्या वंशजांना मागे जायचं तर मालकांची मृत्युपत्रं आणि वाटणीपत्रं धुंडाळावी लागतात. त्यांनाही हा संदेश पोचला असेल.