भाड्याची गाडी, परदेशातले रस्ते आणि अर्धवट सल्ला

परदेशात सुटीवर जाणाऱ्यांना एक संदेश वरचेवर पाठवला जातो. त्याचा आशय असा की, आंतरराष्ट्रीय वाहन परवाना जवळ असला की जगात कुठेही गाडी चालवता येते. विमा भाड्यातच धरलेला असल्याने गाडीला काही झाले तरी आपल्याला भुर्दंड पडत नाही. आणि कॅमेऱ्याने टिपलेला दंड मायदेशी परतल्यावर आपल्या मागे येत नाही. या सल्ल्यावर विसंबून लोक किल्ली हातात घेतात, म्हणून तो खोडून काढणे मला गरजेचे वाटते.

परवान्याचा मुद्दा सरळ आहे. आंतरराष्ट्रीय परवाना म्हणजे मूळ परवान्याचा अधिकृत अनुवाद. मूळ परवाना घरी राहिला, तर नुसत्या अनुवादाच्या बळावर गाडी चालवता येत नाही. शिवाय तो सर्वत्र चालतोच असे नाही. जपान १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिलेला परवाना मानतो, १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसार दिलेला मानत नाही. चीनच्या मुख्य भूमीवर तर दोन्ही निरुपयोगी ठरतात.

विम्याबद्दलचे विधान सर्वांत घातक आहे, कारण त्यात थोडे तथ्य आहे. भाड्यात बहुधा नुकसानमाफीची सोय असते. पण ती माफी ठरावीक रकमेच्या वरच्या नुकसानीला लागू होते, आणि त्या रकमेपर्यंतचा खर्च भाडेकरूच्याच खिशातून जातो. काउंटरवर क्रेडिट कार्डावरची मोठी रक्कम अडकवून ठेवतात ती याचसाठी. त्यातही टायर, काचा, छत आणि गाडीचा तळ पुष्कळ करारांत वगळलेले असतात. आइसलँडमध्ये वाऱ्याने दार उलटे वाकणे किंवा वाळू-राखेने रंग खरवडला जाणे ही नेहमीची नुकसानी, पण साध्या माफीत ती सहसा बसत नाही. करारात नाव नसलेल्या माणसाने गाडी चालवली, तर उरलेली माफीही हातची जाऊ शकते.

मी स्वतः एकदा विमानतळाच्या तळघरातल्या अंधुक उजेडात गाडी ताब्यात घेतली. कागदावर गाडीची रेखाकृती होती, तिच्यावर दोन फुल्या होत्या; प्रवासाने शिणलेलो असल्यामुळे मी गाडीभोवती एक चक्करही न मारता सही केली. परत करताना कर्मचारी मागच्या डाव्या चाकाशी उकिडवा बसला आणि त्याने रिमच्या कडेवरून नख फिरवले. तिथे बोटभर ओरखडा होता, रेखाकृतीत त्या जागी फुली नव्हती आणि माझ्याकडे एकही छायाचित्र नव्हते. तो माझ्या हातून पडला की आधीचाच होता, हे मला आजही सांगता येणार नाही. पैसे मात्र मीच भरले. तेव्हापासून मी चारही चाके, काचा, इंधनाचा काटा आणि किलोमीटरचा आकडा टिपल्याशिवाय गाडी हलवत नाही.

दंड मागे येत नाही, हेही खरे नाही. इटलीतल्या फ्लॉरेन्ससारख्या शहरांच्या जुन्या भागात परवानगीविना शिरलेल्या गाडीचा क्रमांक कॅमेरा टिपतो. कंपनी चालकाचे नाव-पत्ता कळवते, त्याबद्दल कार्डावरून वेगळे शुल्क कापते, आणि दंडाची नोटीस नंतर स्वतंत्रपणे घरी येते. परदेशी रहिवाशाला ती पाठवण्यासाठी तिथल्या कायद्याने ३६० दिवसांची मुदत दिली आहे. मुक्कामाचे हॉटेल अशा भागात असेल, तर गाडीचा क्रमांक हॉटेलमार्फत नोंदवता येईल का, हे खोली राखून ठेवतानाच विचारावे.