ईथर उकळून राह्यलं

डायएथिल ईथर, म्हणजे लॅबमध्ये पदार्थ विरघळवायला-वेगळे काढायला वापरतो ते सॉल्व्हंट, 34.6 अंशाला उकळतं. पुस्तकात हे ज्याने लिहिलं तो बहुतेक कुठल्यातरी थंड गावात स्वेटर घालून बसला असणार, कारण आमच्याकडे नागपुरात मे महिन्यात दुपारी लाइट गेली की लॅबमधल्या ईथरला गॅस-बिस काही लागत नाही, झाकण फिरवलं की फस्स्स. डायक्लोरोमिथेन हे दुसरं सॉल्व्हंट जरा बरं, ते 39.6 पर्यंत दम धरते.

मी मॉलिब्डेनम, तांबं आणि गंधक यांचे क्लस्टर, म्हणजे थोड्या अणूंचे एकमेकांना बांधलेले झुबके, बनवतो. अमोनियम मॉलिब्डेट अमोनियात विरघळवायचं आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड सोडत राहायचं, म्हणजे पाण्यासारखं द्रावण आधी पिवळं मग नारिंगी आणि शेवटी रक्तासारखं लाल होतं. हा थायोमॉलिब्डेट, मध्ये मॉलिब्डेनम आणि भोवती चार गंधक, आणि तांबं दिसलं की हे गंधक त्याला सोडतच नाही. (चाऱ्यात मॉलिब्डेनम जास्त झालं तर गाईच्या पोटात हेच होतं, तिच्या वाट्याचं तांबं अडकून बसतं.) दिसायला हे सगळं एकदम भारी, वासाचं मात्र विचारू नका. फ्यूम हूडमध्ये काम करूनही कपड्यांना सडक्या अंड्याचा वास राहतोच. शेअर ऑटोत सीताबर्डीपर्यंत मला नेहमी खिडकीकडची सीट मिळते, न मागता. घरी माझे कपडे वेगळ्या बादलीत. आई म्हणते, "काहून रे, दुसरा विषय नव्हता का?"

पण खरा छळ बनवण्यात नाही, क्रिस्टल काढण्यात आहे, आणि क्रिस्टलशिवाय आतली रचना एक्स-रेला दिसत नाही. बारीक नळीत डीएमएफ नावाच्या सॉल्व्हंटमधलं लाल द्रावण, त्यावर हळूच, श्वास रोखून, ईथरचा थर, आणि मग हात लावायचा नाही. दोन्ही थर संथपणे एकमेकांत मिसळले पाहिजेत, तेव्हा कुठे सीमेवर चकचकीत दाणे उगवतात, साखरेच्या दाण्याहून लहान. संथपणे! नागपुरात! मे मध्ये! वरचा थर रात्रीतून गायब आणि खाली काळपट चिखल. थंडीत ठेवावं तर ईथर घरगुती फ्रीजमध्ये चालत नाही, थर्मोस्टॅटच्या ठिणगीने भडका उडू शकतो, आणि लॅबचा जो एकुलता एक स्पार्कप्रूफ फ्रीज आहे त्यात सीनियर लोकांच्या नळ्या, ते कधीच पास आउट झाले, नळ्या अजून तिथेच. कूलर लावावा तर ओली हवा, आणि आमच्या अर्ध्या कंपाउंडला पाण्याचंही वावडं.

तरी एकदा निघालेच. लाल, धारदार कडांचे, बघून सर पण "वा बे!" म्हणाले, जे ते कोणालाच म्हणत नाहीत. एक्स-रे मशीन दुसऱ्या गावी, म्हणून दाणे तेलात बुडवून रात्रीच्या गाडीने नेले, बॅग मांडीवर, झोप नाही. तिथल्या ट्यूबमध्ये ज्या धातूतून एक्स-रे निघतात ते टार्गेट मॉलिब्डेनमचंच, 0.71073 अँगस्ट्रॉम तरंगलांबीची किरणं, म्हणजे मॉलिब्डेनमची चौकशी करणारा पण घरचाच माणूस. दाणा नायट्रोजनच्या गार झोतात बसवला, युनिट सेलचे, म्हणजे क्रिस्टलमध्ये परत परत येणाऱ्या सगळ्यात लहान डब्याच्या मापाचे, आकडे आले, ऑपरेटर दादांनी डेटाबेसमध्ये टाकले आणि चहाचा घोट संपायच्या आत म्हणाले, "हे तर आधीच छापलेलं आहे." तांबं शून्य. मी जे टाकलं होतं तेच थायोमॉलिब्डेट सुंदर होऊन बाहेर आलं होतं.

घरी आल्यावर आईने उपयोग विचारला. म्हटलं, तुरीच्या मुळावर गाठी असतात ना, त्यातल्या बॅक्टेरियाकडे असाच क्लस्टर असतो, एक मॉलिब्डेनम, सात लोखंड, नऊ गंधक, त्याच्यावर ते हवेतल्या नायट्रोजनचा अमोनिया करतात. कारखान्यात त्यालाच चारशेच्या वर तापमान आणि दीडदोनशे पट हवेचा दाब लागतो. बॅक्टेरियाच्या त्या क्लस्टरची रचना 1992 मध्ये दिसली, पण मधोमध कार्बन बसलाय हे पक्कं व्हायला 2011 उजाडलं.

आईचं बालपण काटोलकडच्या वावरात गेलेलं. "गाठ फोडली की आत गुलाबी असते तेच ना?"

तेच. तो गुलाबी रंग ऑक्सिजन आवरून धरतो, कारण त्यांच्याही क्लस्टरला हवा सोसत नाही. मी त्यासाठी आर्गनचा सिलिंडर घेऊन बसतो.

"आणि ते वावरात करून राह्यले? एसी नाही, काही नाही?"

दुसऱ्या दिवशी हे सरांना सांगितलं. सर म्हणाले, "बॅक्टेरियाला थिसिस सबमिट करायचा नसतो बे. फ्रीजमधल्या त्या जुन्या नळ्या काढ आधी."