सुई हातात आहे

हाताने गोधडी शिवताना मन शांत होतं, असं सांगणाऱ्यांनी डोंबिवलीच्या वन-बीएचकेत गोधडी अंथरून पाहिलेली नसावी. एका माणसाच्या गोधडीलाही पलंगाएवढी सपाट, मोकळी जमीन लागते. आमच्या हॉलमध्ये तेवढी जमीन आहे, पण तिच्यावर सोफा आहे. तो सरकवला की स्वयंपाकघराची वाट बंद होते आणि चहा गोधडीवरून लांब ढांगा टाकत येतो.

जागेच्या आधी कापडाचं संकट. आपल्या गोधडीत कापूस भरत नाहीत. जुन्या लुगड्यांचे नि धोतरांचे थर हेच तिचं पोट. धुऊन धुऊन मऊ पडलेलं सूत सुईला वाट देतं. असं सूत आमच्या घरात उरलेलं नाही, ते वर्षानुवर्षं बोहारणीकडे गेलं. फडताळातल्या प्रत्येक स्टीलच्या डब्यामागे एकेका लुगड्याचा बळी आहे. कपाटात उरल्यात त्या सिंथेटिक साड्या. त्या विटत नाहीत, विरत नाहीत आणि एकीवर दुसरी ठेवली की तिसरी सोफ्याखाली जाते. शेवटी आईच्या ट्रंकेतून दोन सुती नऊवारी निघाल्या. त्यातली एक कापायला ती तयार होईना. ती नेसून ती कुणाच्याशा लग्नात रुसून बसली होती म्हणे.

वरचा थर मात्र मला आधुनिक हवा होता. अमेरिकेत मॉडर्न क्विल्टवाल्यांची २००९ पासून संघटना आहे, आणि २०१३ पासून त्यांचं क्विल्टकॉन हे संमेलन भरतं. सपाट रंग, सरळ रेघा, बरीचशी जागा मुद्दाम रिकामी. अलाबामातल्या जीज बेंडच्या कृष्णवर्णीय बायकांनी तर शेतात झिजलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या. त्या २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या आणि २००६ साली टपाल तिकिटांवर आल्या. मी आईला फोटो दाखवले.

"ही तर आपली वाकळ," आई म्हणाली. "भिंतीवर का वाळत घातलीय?"

तरीही मी नेटाने करड्या कापडावर एकच तिरका लाल पट्टा लावला. बाकी रिकामं. येणारा प्रत्येक जण हळूच विचारी, "कापड कमी पडलं का?" शेजारच्या काकू तर ब्लाउजपिसांची पिशवीच ठेवून गेल्या.

मग धावदोरा. कडेपासून सुरुवात करून गोल गोल आत जायचं. कर्नाटकातल्या सिद्दी बायकाही त्यांची गोधडी, म्हणजे कवंदी, अशीच बाहेरून आत शिवत नेतात. चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची फुलं लावल्याशिवाय ती त्यांना नागडी वाटते. माझ्या कोपऱ्यांना फुलं नव्हती, पण मधोमध फुगवटा मात्र जमत गेला. थर नीट ताणून कच्चे टाके घातले नाहीत की सगळा ढिलेपणा शेवटी तिथे गोळा होतो. अमेरिकेतल्या कसलेल्या बायका इंचाला दहा टाके घालतात. आईला इंच कळत नाही. तिचं माप एकच. "पायाचा अंगठा अडकला की टाका मोठा." ती खुर्चीत बसून अंगठ्याने तपासणी करते आणि अडकला की ओळ उसवायला लावते. अंगुस्तान बाजारात मिळालं, पण ते माझ्या बोटात जाईना. मग बँड-एडवर भागवलं.

आणि तरीही हे काम सोडवत नाही, त्याचं खरं कारण सांगतो. निवृत्त माणसाला घरात कुणीही, कशालाही उठवू शकतं. गॅसवाला आला, दूध उतू चाललं, सोसायटीच्या मीटिंगला कुणी जायचं... पण "सुई हातात आहे" म्हटलं की समोरचा निमूट परततो. दोरा ओवून झालेला आहे, थर मांडीवर आहेत, उठलो तर सगळं घसरेल. इतकं बिनतोड कारण मला तीस वर्षांच्या नोकरीत सापडलं नव्हतं. त्यात टाक्यांची एक ओळ खरंच सरळ उतरली, सुताची ऊब हाताला लागली, तर तो नफा वेगळाच.

बायकोला हे फार लवकर उमगलं. एका दुपारी तीही सुई घेऊन पलीकडच्या कडेला बसली. "अहो, बघा ना दारात कोण आहे," असं म्हणायला आता घरात कुणी उरलं नाही. कुरिअरवाला दोनदा येऊन परत गेला. काल आईने चष्मा पुसला आणि तिसरी सुई मागितली.