पडवीतले वीस शतांश

श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात मी माझ्या जुन्या एस्टीमचे इंजिन उतरवून देवगडजवळच्या आमच्या घराच्या पडवीत आणून ठेवले, तेव्हा गणपती येण्याआधी ते परत गाडीत बसलेले असेल असे वचन मी काकूला दिले होते. वचन देताना मनात खोट नव्हती. गणिताचा मास्तर असल्यामुळे मी रीतसर हिशेब मांडला होता: चार पिस्टन, प्रत्येकाला तीन रिंगा, म्हणजे एकूण बारा, दिवसाला दोन बसवल्या तरी सहा दिवसांत काम आटोपते. पुढे असे कळले की तिसरी रिंग, म्हणजे ऑइल रिंग, ही एक वस्तू नसून दोन पातळ पट्ट्या आणि त्यांच्यामधली एक नागमोडी स्प्रिंग असा तीन तुकड्यांचा संसार असतो. बाराच्या वीस झाल्या आणि वचन तिथेच डळमळले.

हा उद्योग करण्याचे कारण सांगायला हवे. घाटावर कोल्हापूरकडे माझे काही मित्र ऑटोक्रॉसमध्ये गाड्या पळवतात, आणि त्यांच्यात बसून बोलायचे तर आपले इंजिन मिनिटाला ७००० फेरे न कुरकुरता घेते असे म्हणता आले पाहिजे. या इंजिनात पिस्टनची वरखाली धाव ७५.५ मिलिमीटरची असते. हिशेब केला तर ७००० फेऱ्यांना त्याचा सरासरी वेग ताशी ६३ किलोमीटरच्या आसपास येतो, आणि हा वेग गाठताना तो सेकंदाला २३३ वेळा थांबून उलटा फिरतो. आमच्या घरापासून महामार्गापर्यंतच्या रस्त्यावर ताशी ६३ हा वेग आजवर कोणत्याही वाहनाने गाठल्याचे ऐकिवात नाही. थांबण्याच्या बाबतीत मात्र त्या रस्त्याची पिस्टनशी तुलना होऊ शकते.

बोअरचे, म्हणजे पिस्टन ज्या गोल पोकळीत धावतो ती रुंद करण्याचे, काम कोल्हापूरच्या एका वर्कशॉपातून करून आणले. ७४ चे ७४.५ मिलिमीटर झाले, हॉनिंगच्या, म्हणजे आतली भिंत बारीक घासण्याच्या, तिरप्या रेघा उमटल्या, आणि त्यात बसणारे फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेले, पिस्टन फडक्यात गुंडाळून माझ्या हाती आले. जुने चार पिस्टनही मी परत आणले, कारण वस्तू टाकून द्यायची आमच्याकडे पद्धत नाही. त्यातला एक काकूने लगेच स्वयंपाकघराच्या दाराला अटकाव म्हणून लावला आणि या सबंध प्रकरणात काही उपयोगाचे घडले असेल तर एवढेच, असे ती अजूनही म्हणते.

हॉनिंगनंतर बोअर साबण आणि गरम पाण्याने धुवावे लागते, कारण रेघांमध्ये अडकलेली बारीक पूड तेलाने किंवा पेट्रोलने निघत नाही. पांढरे फडके आतून फिरवले असता ते पांढरेच बाहेर आले पाहिजे. मी बंबातले पाणी घेतले, जुन्या धोतराची चार फडकी केली आणि चौथे फडके स्वच्छ निघाल्यावर अत्यंत समाधानाने चहा घ्यायला आत गेलो. धुतल्या क्षणी बोअरला तेल लावायचे असते, हे मला ठाऊक होते. चहाही ऐन वेळी तयार होता. ब्लॉक अल्युमिनियमचा असला तरी आतले लायनर बिडाचे असतात. उघडे बीड, श्रावणातली हवा आणि अर्ध्या मैलावरचा समुद्र या तिघांची भेट झाली, आणि मी परत आलो तेव्हा चारही बोअर माझ्या कपातल्या चहाच्या रंगाचे झाले होते. सुदैवाने तो गंज वरवरचा होता आणि तेलाच्या फडक्याने निघाला. त्या दिवसापासून मी ब्लॉकला तेल पाजून प्लॅस्टिकमध्ये असा गुंडाळून ठेवू लागलो की त्याच्याइतकी ऊब घरात कोणालाही नव्हती.

आता रिंगांकडे वळतो, कारण खरा छळ तिथे आहे. रिंग म्हणजे पूर्ण वर्तुळ नव्हे. ती एका जागी कापलेली असते, आणि बोअरमध्ये बसल्यावर तिच्या दोन टोकांमध्ये ठरावीक फट राहावी लागते. वाफेच्या जुन्या इंजिनांत पिस्टनच्या कडेने वाफ निसटू नये म्हणून त्याच्याभोवती तागाच्या दोऱ्या ठासून भरत असत. जॉन रॅम्सबॉटम या इंग्रज अभियंत्याने १८५२ च्या सुमारास कापलेली धातूची रिंग आणली आणि ती दोरी गेली. हे मी आमच्या मेस्त्रीला सांगितले तेव्हा त्याने इतिहासाचे काही वाटून न घेता, सुंभ घरात पडलेले असताना माणसे एवढा खर्च कशासाठी करतात, असे विचारले.

फट कशासाठी, हे कोकणातल्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. रिंगची दोन टोके म्हणजे एकाच घरातले दोन भाऊबंद. थंडीत त्यांच्यात अंतर दिसते, ताप वाढला की ती फुगून एकमेकांकडे सरकतात, आणि मुळात अंतरच ठेवलेले नसेल तर टोकाला टोक भिडून रिंग बोअरला आतून ओरबाडते, मग सगळे घर जाम होते. माझ्या रिंगचा घेर साधारण २३४ मिलिमीटर. तापमान १०० अंशांनी वाढले तर एवढ्या लांबीचे बीड किंवा पोलाद सुमारे पाव मिलिमीटर वाढते. बोअरही तापतो, पण रिंगइतका नाही. म्हणून बोअरच्या दर इंचाला चार हजारांश इंच असा ढोबळ नियम आहे आणि तो माझ्या बोअरला लावला तर वरच्या रिंगची फट ०.३० मिलिमीटर येते. दुसऱ्या रिंगला थोडी जास्तच ठेवतात, म्हणजे वरून निसटलेला वायू दोन रिंगांमध्ये कोंडून वरच्या रिंगला उचलत नाही.

रिंगा मात्र येतात त्या पंधरा शतांश फटीच्या. उरलेले पंधरा शतांश आपण कानशीने घासून काढायचे असतात. एकच टोक घासायचे, कानस बाहेरून आत चालवायची, उलटी चालवली तर बाहेरच्या कडेचा मुलामा उडतो. दोन-चार हात मारायचे, कड गुळगुळीत करायची, रिंग बोअरमध्ये ठेवायची, उलट्या पिस्टनने इंचभर खाली ढकलून सरळ करायची, फट मोजायच्या फीलर गेजची पात घालून पाहायची, पुन्हा बाहेर काढायची. ०.३० ची पात लोण्यातून सुरी जावी तशी गेली तर फट जास्त झाली. अडखळत, किंचित नाखुशीने गेली तर बरोबर. अशी नाखुशी ओळखायला मी वर्गात पस्तीस वर्षे घालवली असल्यामुळे हा भाग मला जमला.

दोन दिवसांत पहिल्या दोन सिलिंडरच्या रिंगा झाल्या. मी कानशीचे हात जपासारखे मोजत होतो. तिसऱ्या सिलिंडरची वरची रिंग ०.२६ वर आलेली असताना मुंबईहून चुलतभावाचा फोन आला. विषय नेहमीचाच होता: मागच्या बाजूचा गडगा त्याच्या आजोबांनी आमच्याकडे सरकवला की आमच्या आजोबांनी त्यांच्याकडे. वास्तविक दोघांचे आजोबा एकच, पण हा मुद्दा आमच्या घरात कोणीही पुढे आणत नाही. फोन खांद्याला लावून मी सातबारा, मोजणी आणि फणसाचे झाड यांवर पाऊण तास बोललो, आणि बोलताना उजवा हात आपले काम करत राहिला. फोन ठेवला तेव्हा फट ०.५० झाली होती. दोन फूट जमिनीच्या वादात हव्या फटीपलीकडे माझे वीस शतांश मिलिमीटर गेले, आणि गडगा आहे तिथेच आहे.

घासलेला धातू परत लावता येत नाही. एका सिलिंडरचा नवा संच मागवला. तो तीन दिवसांत कणकवलीपर्यंत आला आणि तिथून देवगडला यायला त्याने चार दिवस घेतले. त्यातली वरची रिंग मी फोन बंद ठेवून घासली, बरोबर ०.३० वर आणली आणि कागदात गुंडाळून ठेवली. जुनी, ०.५० ची रिंग टाकून द्यायला हवी होती. पण वर म्हटल्याप्रमाणे टाकून द्यायची आमच्याकडे पद्धत नाही, म्हणून तीही तशाच कागदात गुंडाळून आंब्याच्या त्याच पेटीत ठेवली.

पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड यांना जोडणारी पिन जागेवर राहावी म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना तारेची सर्क्लिप बसवतात. चार पिस्टनना आठ. सातवी बसवताना ती माझ्या अंगठ्याखालून निसटली. ती कुठे जाते हे दिसत नाही. फक्त टिंग असा आवाज येतो आणि मागोमाग शांतता. मी पडवीचे जांभ्याचे दगड हातांनी चाचपले, माळ्यावरच्या पेंढ्यात पाहिले, झोपलेल्या मांजरालाही उचलले. ओटीवर काकू मोदकांच्या पिठीसाठी तांदूळ निवडत बसली होती. थोड्या वेळाने सुपातून काहीतरी चिमटीत धरून तिने विचारले, “ह्यो किडो खंयचो रे?”

मी सर्क्लिप घेतली. काकूने ते सूपभर तांदूळ पुन्हा पहिल्यापासून निवडायला घेतले आणि एवढेच विचारले, “गणपती खंय बसवतलंस? ह्या लोखंडार?”

चतुर्थीच्या आदल्या दिवशी पिस्टन आत घालण्याचे काम उरले. रिंगांची तोंडे एका रेषेत येऊ नयेत म्हणून ती एकमेकांपासून दूर फिरवायची, खुणेची बाजू वर, पिस्टनवरचा बाण इंजिनाच्या पुढच्या अंगाला, नागमोडी स्प्रिंगची टोके एकमेकांवर न चढता नुसती टेकलेली, रॉडच्या बोल्टांवर रबरी नळीचे तुकडे, म्हणजे आत उतरताना क्रँकला, पिस्टन ज्याला फिरवतात त्या आसाला, चरे पडत नाहीत. मग रिंगा दाबून धरणारा रिंग कॉम्प्रेसरचा पट्टा आवळून, सगळे तेलाने निथळत असताना, हातोडीच्या लाकडी दांड्याने पिस्टन हलकेच ठोकत खाली सारायचा. पहिले दोन गेले. तिसरा अर्ध्यावर अडला. मी दांडा जरा जोराने मारला, आणि दारात उभा असलेला मेस्त्री पहिल्यांदाच घाईने बोलला, “मास्तरांनू, जोर लावूचो लागलो म्हणजे खंयतरी चुकला.”

पट्टा सोडून पाहिले तर ऑइल रिंगची खालची पट्टी पट्ट्यातून निसटून बोअरच्या काठावर बाहेर डोकावत होती. आणखी एक ठोका बसता तर ती तुटली असती. पट्टी परत बसवली, पट्टा ब्लॉकला घट्ट टेकवून धरला, आणि तोच पिस्टन नुसत्या तळहाताच्या दाबाने असा आत उतरला की आधी अडला होता यावर विश्वास बसू नये. चौथाही गेला. बेरिंगच्या टोप्या बसल्या, टॉर्क पान्याने बोल्ट आवळले गेले, आणि मी क्रँक हाताने फिरवला तेव्हा तो जात्यासारखा जड पण एकसारखा फिरला. मेस्त्रीने मान हलवली. पस्तीस वर्षांच्या नोकरीत एवढे मोठे प्रशस्तिपत्र मला मिळाले नव्हते.

पडवीच्या दुसऱ्या टोकाला पुतण्या गणपतीवर टांगायच्या माटवीला कवंडळे, सुपाऱ्यांचे घड आणि नारळ बांधत होता. मी उरलेले सामान आवरायला पेटी ओढली, आणि तळाशी कागदाची एकच पुडी दिसली. पुडीत वरची रिंग होती. एकच उरली होती हे योग्यच होते. प्रश्न एवढाच होता की कोणती.

क्रँक फिरवून तिसरा पिस्टन तळाला नेला. वरच्या मोकळ्या बोअरमध्ये ती रिंग ठेवली, स्वयंपाकघराचे दार एक क्षण मोकळे करून जुना पिस्टन आणला, रिंग सरळ केली आणि फीलर गेजची ०.३० ची पात घातली. पात अडखळत, किंचित नाखुशीने, अगदी बरोबर गेली.

मी काही बोललो नाही. मेस्त्रीने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि टोप्यांचा पाना पुन्हा माझ्या हाती दिला. ओटीवर काकूने आमच्याकडे एकवार नजर टाकली, निवडलेल्या तांदळाचे सूप स्वतःजवळ ओढले आणि त्यावर ताट उपडे घातले. रिंग बदलायला सर्क्लिप काढावी लागत नाही, हे मी तिला सांगितले नाही.